पाय कापणं आणि शहर जाळणं

एका गृहस्थांनी विचारलंय. त्यांच्या पुतण्याला कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत 'युद्ध थांबवण्यासाठी अणुबॉम्बचा वापर समर्थनीय आहे' हा विषय आलाय, आणि चिठ्ठीत बाजू निघाली ती समर्थनाची. काकांचं स्वतःचं मत ठरलेलं आहे. ते लिहितात, "हिरोशिमा-नागासाकीत दोन लाख माणसं गेली, पण बॉम्ब टाकला नसता तर दहा लाख गेली असती. सरळ हिशोब आहे. तुम्ही डॉक्टर लोकही जीव वाचवायला पाय कापताच की! यात वेगळं काय?"

इतिहासाचं उत्तर इतिहासकारांनी द्यावं. पण ते शेवटचं वाक्य माझ्या अंगणात येऊन पडलंय. सोलापुरात ३४ वर्षं सर्जन म्हणून काढली. सुरुवातीची काही बर्न्स वॉर्डात, पुढची बरीचशी शुगरवाल्यांच्या पायांत. दुसऱ्या महायुद्धाचं वाचन हा जुना नाद, निवृत्तीनंतर जास्तच वाढला. या दोन्हींच्या आधाराने जेवढं बोलता येईल तेवढं बोलतो.

आधी प्रश्न नीट मांडू. तो एक वाटतो, पण आत दोन आहेत. बॉम्बशिवाय युद्ध थांबलं नसतं का, हा एक. आणि समजा थांबलं नसतं, तरी तो टाकायचा हक्क कुणाला पोचतो का, हा दुसरा. बहुतेक लोक पहिल्याचं उत्तर देतात आणि दुसऱ्याचंही दिलं असं समजून उठतात. ओपीडीत हे रोज चालायचं. "साहेब, कापल्यावर वाचंल का?" "वाचेल." "मग कापा." ज्याचा पाय, तो स्ट्रेचरवर पडून छताकडे बघतोय, आणि त्याला कुणी विचारलेलंच नाही.

आता काकांची बाजू. ती हलकी नाही, आणि तिला हलकं समजणाऱ्यांचा मला राग येतो. १९८६च्या सुमारास माढा तालुक्यातले एक म्हातारे हर्नियासाठी दाखल झाले होते. जुने फौजी, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेले. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांच्या तुकडीची मलायात उतरायची तयारी चालली होती. टाके काढताना मी सहज बॉम्बचा विषय काढला, तर म्हणाले, "बाम पडला म्हनून मी घरी आलो. न्हाईतर तुमी आज कुनाचा हर्निया शिवला असता?" यावर मला काही बोलता आलं नाही. आजही येत नाही. सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या हाती सापडलेले हजारो हिंदी सैनिक न्यू गिनीच्या छावण्यांत खंगत होते. त्यांच्यासाठी युद्ध आठवडाभर आधी संपणं म्हणजे काय, ते त्यांनाच विचारायला हवं होतं.

आणि आपण सोलापूरकरांनी तर हे विसरूच नये. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, वयाच्या ३२ व्या वर्षी. ते गेले तरी ते युद्ध पुढे पावणेतीन वर्षं चाललं. 'अमेरिकेने थोडं थांबायला हवं होतं' असं म्हणणाऱ्याने त्या 'थोडं' मध्ये मरणाऱ्या चिनी, कोरियन, इंडोनेशियन माणसांकडे पाहून ते म्हणावं.

जपान शरण यायच्याच बेतात होता, हेही म्हणतात तितकं सरळ नाही. ९ ऑगस्टला हिरोशिमा जळून तीन दिवस झाले होते, रशियाने युद्ध पुकारलं होतं, बैठक चालू असतानाच नागासाकीची बातमी आली. तरीही जपानच्या युद्धमंडळातल्या सहा जणांत तीन विरुद्ध तीन अशी फूट कायम राहिली. शेवटी सम्राटाला मध्ये पडावं लागलं.

मग मी काकांशी सहमत का नाही? त्यासाठी एका पायाची गोष्ट सांगावी लागेल. ती मी फार कमी जणांना सांगितली आहे.

१९९१ साल. पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार, पन्नाशीचा, घरी तेलुगू बोलणारा. मागाखाली पडलेला खिळा पायात गेला होता, शुगरमुळे कळलंच नाही. आला तेव्हा दोन बोटं काळी, घोट्यापर्यंत सूज, अंगात ताप. मी गुडघ्याच्या वर पाय कापला. माणूस वाचला. पण यंत्रमागावर बारा तास उभं राहून एकाच वेळी चार माग बघावे लागतात. तो पुन्हा कारखान्यात गेला नाही. घरी बायको विड्या वळायची, तो तिच्याशेजारी बसून पानं कातरायला लागला.

दुसरा मार्ग होता का? होता. पू मोकळा करायचा, दोन बोटं काढायची, औषधं चालू ठेवून ४८ तास पाहायचं. कदाचित तो त्यात गेलाही असता. कदाचित पाय वाचला असता. मी थांबलो नाही, त्याची कारणं वैद्यकीय होतीच, पण आणखी एक कारण होतं: दुसऱ्या दिवशी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं माझं तिकीट होतं, मुंबईला कॉन्फरन्स होती. अर्धवट केस मागे ठेवून जायचं नव्हतं.

खरी लाज पुढची. त्या वेळी नातेवाइकांना मी सांगितलं, "विष पसरायची शक्यता होती." वर्षभराने ज्युनिअर डॉक्टरांना शिकवताना सांगायचो, "दोन दिवसांत गेला असता." दहा वर्षांनी तोच किस्सा सांगताना मी म्हणत होतो, "त्याच रात्री गेला असता." केस पेपरवरचा ताप तेवढाच होता. रोग बळावत गेला तो माझ्या तोंडात. न कापलेल्या पायाचं पुढे काय झालं असतं हे कधीच कुणाला दिसत नाही, त्यामुळे तिथे हवा तो आकडा टाकता येतो.

आता काकांचे दहा लाख बघा. जून १९४५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी नियोजकांनी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्यासोबतच्या बैठकीसाठी अंदाज काढला होता. आधी क्यूशू बेटावर आणि मग टोकियोच्या मैदानात उतरायचं झालं, तर आपले सुमारे ४० हजार मरतील आणि दीड लाख जखमी होतील. त्याच उन्हाळ्यातले दुसरे काही अंदाज याहून कितीतरी मोठे होते, हेही सांगायला हवं. एकच एक आकडा कुणाकडे नव्हता. युद्ध संपल्यावर, फेब्रुवारी १९४७ मध्ये माजी युद्धमंत्री स्टिमसन यांनी एका मासिकातल्या लेखात लिहिलं की एकट्या अमेरिकी फौजेची हानी दहा लाखांवर गेली असती. तिथे 'हानी' म्हणजे मृत आणि जखमी दोन्ही मिळून. १९५५ च्या आठवणींत ट्रूमन यांनी पाच लाख अमेरिकी जीव लिहिले. वाचणाऱ्यांनी यातलं 'हानी'चं 'मरण' केलं आणि दहा लाख मृतांचा आकडा आज आपल्या व्हॉट्सॲपवरही फिरतो. ही माणसं खोटं बोलत होती असं मी म्हणणार नाही. मीही खोटं बोलत नव्हतो. मला ते तसं वाटायलाच लागलं होतं.

दोन वर्षांनी सांगितलेला हिशोब बाजूला ठेवून त्या दिवशी टेबलावर काय होतं ते बघावं लागतं. काकांच्या मांडणीत दोनच पर्याय आहेत, बॉम्ब किंवा चढाई. पण चढाई १ नोव्हेंबरला ठरली होती. बॉम्ब पडला ६ ऑगस्टला. मध्ये जवळजवळ तीन महिने होते. जपानची बंदरं पाणसुरुंगांनी आणि पाणबुड्यांनी बंद पाडली होती, इंधन संपत आलं होतं. रशिया ऑगस्टमध्ये उतरणार हे अमेरिकेला ठाऊक होतं. आणि सम्राटाचा प्रश्न होता. जपानी नेत्यांना सर्वांत जास्त भीती होती ती राजगादी जाण्याची. जपानला शरण यायला बजावणाऱ्या पॉट्सडॅमच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात गादी राहू शकेल असं सुचवणारा मजकूर होता, २६ जुलैला तो प्रसिद्ध झाला तेव्हा तेवढाच वगळलेला होता. पुढे सम्राट राहिलाच. बॉम्बहल्ल्यांचा परिणाम तपासणाऱ्या अमेरिकेच्याच पाहणी मंडळाने १९४६ मध्ये निष्कर्ष काढला की बॉम्ब, रशिया आणि चढाई यांतलं काहीही झालं नसतं तरी जपान त्या वर्षअखेरीच्या आत शरण आला असता. हा निष्कर्षही नंतरच काढलेला, तेव्हा त्यालाही मी माझ्या 'त्याच रात्री गेला असता'च्याच शेजारी ठेवतो. नाकेबंदी लांबली असती तर उपासमारीने माणसं मेलीच असती. म्हणजे थांबणंही फुकट नव्हतं. पण ४८ तास पाहायचा पर्याय होता आणि तो वापरला नाही, एवढं मला स्वच्छ दिसतं. का वापरला नाही, यात माझ्या रेल्वे तिकिटासारख्याही गोष्टी असाव्यात. दोनशे कोटी डॉलर खर्च झाले होते, यंत्रणा चालू झाली होती, रशियावर नजर होती.

नागासाकीला तर विचार करायलाही कुणी बसलं नाही. २५ जुलैच्या लेखी आदेशातच होतं की पहिल्यानंतरचे बॉम्ब तयार होतील तसे टाकत जावं. दुसरा ११ तारखेला टाकायचा होता, हवामान बिघडणार म्हणून ९ तारखेला उरकला. लक्ष्य होतं कोकुरा शहर. तिथे ढग-धूर दिसला म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. ट्रूमन यांनी यापुढे माझ्या परवानगीशिवाय टाकायचा नाही असा हुकूम केला तो १० ऑगस्टला. आणखी लाखभर माणसं, त्यात लहान मुलं, मारायची कल्पना सहन होत नाही असं त्यांनी मंत्रिमंडळाला सांगितल्याची नोंद एका मंत्र्याच्या रोजनिशीत आहे. सर्जन ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्या दिवशी असं म्हणायला लागला, तर मी त्याची आदल्या रात्रीची नोंद मागवून वाचीन.

आता दुसरा प्रश्न, जो माझ्या मते मोठा आहे. समजा मी वर लिहिलेलं सगळं चुकीचं आहे. समजा बॉम्बशिवाय खरोखरच गत्यंतर नव्हतं. तरी पाय कापण्याची तुलना लागू पडत नाही, कारण पाय ज्याचा असतो, वाचणारा जीवही त्याचाच असतो. सही त्याची असते. हिरोशिमात पाय एकाचा होता आणि जीव दुसऱ्याचा. वॉर्डातल्या एका माणसाच्या दोन्ही किडन्या काढून दोघांना वाचवलं तर काकांच्या हिशोबात एक जीव नफ्यात. मला मात्र तुरुंग, आणि योग्यच.

'पण ते शत्रू होते' असं कुणी म्हणेल. कोण होते ते बघा. त्या सकाळी हिरोशिमात शाळेतली हजारो मुलं-मुली उघड्यावर काम करत होती. हवाई हल्ल्यातली आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायचं काम. बारा-तेरा वर्षांची मुलं. त्यातली सुमारे सहा हजार मेली. सक्तीने आणलेले हजारो कोरियन मजूर मेले. अमेरिकेचे स्वतःचे १२ युद्धकैदीही मेले. शहरात लष्कराचं मोठं मुख्यालय होतं, हे खरं. पण नेम धरला होता तो शहराच्या मधोमध असलेल्या आयोई पुलावर.

इथे मला आपला चार हुतात्मा चौक आठवतो. तुलना आकारात बसत नाही, तरी सांगतो. मे १९३० मध्ये सोलापूर हाताबाहेर गेलं, पोलीस मारले गेले, लष्करी कायदा लागला. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. नव्वद वर्षांवर झाली, तरी आपण म्हणतो की दुसऱ्यांच्या कृत्यासाठी या चौघांना लटकावलं. त्या खटल्यात निदान चार नावं होती, वकील होते, अपील होतं. सरकारकडेही तेव्हा काकांसारखाच हिशोब असणार: चौघांच्या जिवावर शांतता मिळत असेल तर स्वस्त पडलं. आपल्याला तो पटत नाही. मग लाखाच्या पुढे गेल्यावर तो का पटावा?

बर्न्स वॉर्डाबद्दल थोडं लिहितो, कारण 'दोन लाख' म्हणताना डोळ्यांसमोर काही येत नाही. ५० किलोची बाई ४० टक्के भाजून आली, तर पहिल्या २४ तासांत तिला शिरेतून सुमारे आठ लिटर सलाईन द्यावं लागतं. अर्ध्या लिटरच्या १६ बाटल्या, त्यातल्या आठ पहिल्या आठ तासांत. लघवी तासातासाला मोजायची. ड्रेसिंग बदलताना वॉर्डाच्या बाहेर ऐकू जातं. अशा तीन पेशंट एका रात्री आल्या की आमचा अख्खा वॉर्ड कोलमडायचा. एकदा बाटल्या संपल्या आणि मी स्कूटरवर बसून मेडिकल दुकानवाल्याला झोपेतून उठवलं होतं. हिरोशिमात असे हजारो, आणि शहरातल्या सुमारे ९० टक्के डॉक्टर-नर्स मेलेल्या किंवा जखमी. बॉम्ब पुलावर नेमका न फुटता बाजूला सरकून फुटला, तो शिमा नावाच्या सर्जनच्या खासगी दवाखान्याच्या डोक्यावर. आतले पेशंट, नर्स, कुणीच राहिलं नाही. डॉक्टर स्वतः शस्त्रक्रियेसाठी बाहेरगावी गेले होते म्हणून वाचले. रेडक्रॉसचे डॉ. जुनो औषधं घेऊन शहरात पोचले ८ सप्टेंबरला, महिना उलटल्यावर.

आणखी एक. गडद रंग उष्णता शोषतो, फिका परतवतो. त्यामुळे काही बायकांच्या पाठीवर किमोनोची नक्षी जशीच्या तशी भाजून उमटली होती. काळ्या धाग्याखाली कातडी जळलेली, पांढऱ्याखाली कमी. चादरी आणि टॉवेलांच्या गावात वाढलो, ताण्या-बाण्याची नक्षी लहानपणापासून पाहतोय. तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं.

जे यातून वाचले त्यांतल्या अनेकांना दोन-तीन आठवड्यांनी केस गळणं, हिरड्यांतून रक्त, अंगावर जांभळे डाग सुरू झाले. वरून भाजलेलं काही नसलेली माणसंही गेली. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात अंदाजे एक लाख ४० हजार, नागासाकीत ७० हजार.

माझ्या म्हणण्यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. ९ मार्च १९४५ च्या रात्री साध्या आगलाव्या बॉम्बांनी टोकियोत जवळजवळ एक लाख माणसं जाळली गेली. शहरं जाळायची नाहीत ही रेघ ऑगस्टच्या बरीच आधी पुसली गेली होती, आणि ती पुसण्यात जर्मनी, जपान, ब्रिटन सगळ्यांचे हात होते. तेव्हा अणुबॉम्बला नाही म्हणायचं तर टोकियोलाही नाही म्हणावं लागतं. मी म्हणतो. पण त्या वेळी निर्णय घेणाऱ्यांना तो नवा गुन्हा वाटला नसेल, एवढी सूट मी त्यांना देतो.

आज मात्र तीही सूट नाही. १९४५ मध्ये हे अस्त्र एकाच देशाकडे होतं, म्हणून त्याने युद्ध 'संपू' शकलं. समोरच्याकडेही असेल तर पहिल्या बॉम्बने युद्ध संपत नाही, सुरू होतं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ८ जुलै १९९६ ला सल्ला दिला की अशा अस्त्राचा वापर सर्वसाधारणपणे कायद्याच्या विरुद्धच ठरेल. राष्ट्राचं अस्तित्वच पणाला लागलं तर काय, यावर मात्र निश्चित मत देता येत नाही म्हणाले, आणि हे सगळंच सात-सात मतं पडून अध्यक्षांच्या मतावर. भारताने २००३ मध्ये जाहीर केलेलं धोरण आधी न वापरण्याचं आहे, पण आपल्यावर पडला तर प्रत्युत्तर प्रचंड असेल. त्या प्रत्युत्तरातही शेवटी कुणाचं तरी शहरच असणार. याचं सुटसुटीत उत्तर माझ्याकडे नाही. चीन-पाकिस्तान या दोन्ही शेजाऱ्यांकडे बॉम्ब असताना आपण हातातलं टाकून द्यावं असं म्हणण्याइतका भाबडा मी नाही. धाक म्हणून ठेवणं आणि वापरणं 'समर्थनीय' म्हणणं यांत फरक आहे, एवढं धरून बसलोय.

आता पुतण्याचं. बाजू चिठ्ठीने दिली आहे, तर ती त्याने प्रामाणिकपणे मांडावी, मांडण्यासारखी आहे. ओकिनावा या जपानी बेटावरच्या लढाईपासून सुरू कर म्हणावं: एप्रिल ते जून १९४५, साडेबारा हजार अमेरिकी सैनिक मेले आणि बेटावरचे सामान्य लोक सुमारे एक लाख. मग चीन आणि युद्धकैदी. मग ते तीन विरुद्ध तीन. दहा लाखांचा आकडा वापरू नये. समोर कुणी अभ्यास करून आलं असेल तर तिथेच पकडेल. पाय कापण्याचं उदाहरण तर अजिबात नको. आणि प्रश्नोत्तरांत कुणी ना कुणी विचारणारच की हिरोशिमा एक वेळ मान्य, पण तीन दिवसांत नागासाकी कशाला? त्यावर मी बरंच वाचलं, दोन-तीन मित्रांशी भांडलोही. पोराला देता येईल असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.